जांभ्या मातीच्या बागेसाठी डोलोमाइट: घेताना काय बघावं, घालताना काय सांभाळावं

कृषी सेवा केंद्रात किंवा नर्सरीत ‘डोलोमाइट’ म्हणून जी पांढुरकी भुकटी मिळते, ती कोकण-गोव्याच्या आंबट जांभ्या मातीसाठी चुन्याच्या सगळ्या प्रकारांत उजवी आहे. इथल्या पावसात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही वाहून जातं. डोलोमाइट दोन्ही परत देतं, साध्या चुनखडीच्या भुकटीत मॅग्नेशियम नावापुरतंच असतं. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचं माप; आकडा कमी तेवढी माती जास्त आंबट) साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटतात, घातलेला स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकतो आणि वाल-चवळीच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. अशा वाफ्यात नुसतं खत वाढवणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

पिशवी घेताना भाव नंतर विचारा, आधी बारीकपणा बघा. मूठभर भुकटी मैद्याच्या चाळणीतून चाळा. जवळजवळ सगळी खाली उतरली तर माल चांगला. वर रवाळ कच उरत असेल तर तो भाग वर्षानुवर्षं मातीत तसाच पडून राहतो, त्याचे पैसे देऊ नका. मग चमचाभर भुकटीवर कोमट व्हिनेगर टाका. डोलोमाइटवर सावकाश बुडबुडे येतात. जोरात फसफसलं तर बहुधा साधी चुनखडी आहे. तीही सामू वाढवते, मॅग्नेशियम मात्र मिळणार नाही. काहीच झालं नाही तर ती पिशवी परत करा. जिप्सम असू शकतं, आणि जिप्समने सामू वाढत नाही.

रंगाच्या दुकानातला विरवलेला चुना किंवा शिंपल्यांचा भाजून विरवलेला चुना स्वस्त आणि झटपट वाटतो. पण तो चुनखडीपेक्षा कितीतरी तीव्र असतो, मुळं भाजतात. वापरायचाच तर रिकाम्या वाफ्यात, डोलोमाइटच्या पाऊणपटीपेक्षा कमी, आणि लावणीआधी तीन आठवडे. कळीचा चुना (भाजलेला पण न विरवलेला) बागेत नकोच. पाणी लागताच तापतो, डोळ्यांना धोका. मैदानावर आखायच्या फक्कीत काय मिसळलंय ते कळत नाही, ती सोडून द्या.

मात्रा मोजूनच घाला. माती तपासून घेणं उत्तम. घरी बघायचं तर 20 ग्रॅम वाळलेली माती 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि वरच्या निवळीत पीएच पट्टी बुडवा. मातीत खुपसायच्या स्वस्त मीटरवर विसंबू नका. सामू साडेपाचाच्या आसपास असेल तर चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम भुकटी पसरा आणि कुदळीने वरच्या वीतभर मातीत कालवा. बारा इंची कुंडीला चहाचे तीन सपाट चमचे पुरतात. वर नुसती भुरभुरली तर ती वरच राहते, मुळांपर्यंत पोचायला फार काळ जातो. उतारावर तर पहिल्याच सरीत वाहून जाते. कोरड्या मातीत ती कामच करत नाही, म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीत ओल असताना घालणं सोयीचं. परिणाम सावकाश दिसतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर दुसरा हात मारू नका.

सर्रास होणारी चूक म्हणजे चुना आणि खत एकाच दिवशी घालणं. युरिया, डीएपी किंवा ताजं शेणखत चुन्याबरोबर पडलं की नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं. वासावरूनच कळतं. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.

मात्रा जास्त झाली तर लोह आणि जस्त अडतं: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अनंत आणि एक्झोरा हे आधी दाखवतात, त्यांच्या बुंध्याशी डोलोमाइट घालूच नका. आणि देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर, सामू आठाच्या घरात. तिथल्या बागेसाठी ही पिशवी विकत घेऊ नका.