काचेचा मापाचा जग: मिलीची पट्टी चोख, कपाची जपून वापरा

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून एक लिटरचा काचेचा मापाचा जग घेतला. सरबतं आणि केक, दोन्हींच्या ऑर्डरी घरूनच करते, त्यामुळे मापात कसर मला चालत नाही. दूधवाल्याच्या मापावर नापतौल विभागाची मोहर असते, या जगावर तशी काही नाही. म्हणून आधी तपासला.

रिकामा जग वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि ५०० च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. ४९७ ग्रॅम भरलं. म्हणजे पट्टी चोख आहे, कारण उन्हाळ्यातलं पाणी लिटरमागे किलोपेक्षा चार-पाच ग्रॅम कमीच भरतं. रेघ वाचताना जग सपाट ओट्यावर हवा, डोळे रेघेच्या उंचीला, आणि काचेला चढलेली पाण्याची कड सोडून मधली खालची पातळी धरायची. तेलाने मात्र तपासू नका. तेलाच्या पिशवीवर १ लिटरपुढे ९१० ग्रॅम छापलेलं असतं ते बघा. दूध उलट, लिटरला किलोहून तीसेक ग्रॅम जड.

आता कपाची पट्टी. या जगाचा एक कप २५० मिलीचा. मेलबर्नच्या नणंदेच्या कृतींना तो बरोबर लागतो, तिकडचा कप तेवढाच. पण अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलीचा. चार कपांत ५२ मिली जास्त पडतात! सगळं साहित्य याच कपाने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही, पण कृतीत दोन अंडी किंवा जिलेटिनचं एक पाकीट असलं की बिघडतं. मी अमेरिकन कृती आधी मिलीत लिहून घेते, मगच हात लावते. नणंदेच्या कृतीतला मोठा चमचाही २० मिलीचा असतो, आपण वापरतो तो १५ चा.

औंसाची पट्टी दुकानातच वाचून घ्या: १६ औंसांची रेघ ४७३ मिलीजवळ असेल तर अमेरिकन, ४५५ जवळ असेल तर ब्रिटिश. माझी अमेरिकन निघाली, म्हणजे एकाच जगावर कप एका देशाचा आणि औंस दुसऱ्या देशाचा. हे बनवणाऱ्याने छापायला हवं होतं, आणि याचा मला खरंच राग आहे.

काच जाड आहे, चोचीतून थेंब ओघळत नाही, मूठ भक्कम. पण रेघा १०० मिलीपासून सुरू होतात, आणि तोंड दहा सेंटीमीटर रुंद असल्यामुळे पातळी एक मिलिमीटर चुकली तरी आठेक मिलीचा फरक पडतो. लिंबाचा रस, इसेन्स असल्या गोष्टींना हा उपयोगाचा नाही, त्यासाठी औषधाच्या बाटलीवरची रेघांची टोपी बरी. पन्हं, पाक, केकचं दूध यांना उत्तम. दोन घेणं जमत असेल तर दुसरा पाव लिटरचा, उभट आणि अरुंद घ्या.