ब्रेक पॅडल खाली जात होतं: मास्टर सिलिंडर, होस, ऑइल सगळं बदलून पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, पॅडल अजून कडक आहे. काम पावसाळ्याच्या तोंडावर केलं होतं, दिवाळीत चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ताम्हिणी उतरून माणगावला गेलो, आता ऊन तापायला लागलंय, आणि ब्रेक पहिल्या दिवशी जिथे धरायचा तिथेच धरतोय.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. तक्रार अशी की सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पॅडल हळूहळू खाली सरकायचं. गाडी थांबायची, त्याबद्दल वाद नाही, पण उभ्या उभ्या पाय खाली खाली. जवळच्या गॅरेजवाल्याने ब्रेकच्या ऑइल लाईनमध्ये एअर (हवा) आहे म्हणून एअर काढली, जरा बरं वाटलं, परत तेच, परत एअर काढली, परत पैसे. अहो पण रिझर्व्हॉयरची (ब्रेक ऑइलच्या टाकीची) लेव्हल जागची हलत नाहीये, कुठे ओल नाही, मग एअर आत शिरतेय कुठून? हे विचारलं की "जुन्या गाड्यांचं असंच असतं" हे उत्तर तयार!

मग एका जुन्या मिस्त्री काकांकडे नेली. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी नुसतं पॅडल दाबून बघितलं, आणि खरं सांगायचं तर अर्धं निदान तिथेच झालं. पॅडल स्पंजी लागतंय आणि पटापट पंप केल्यावर कडक होतंय तर लाईनमध्ये एअर. पहिल्या दाबाला निम्म्यापर्यंत जातंय, दुसऱ्या दाबाला वर येतंय आणि हँडब्रेकही जास्त वर ओढावा लागतोय तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेत, ते अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर जाम असणार, तिथे कितीही एअर काढा काही होणार नाही. फक्त घाट उतरताना मऊ पडतंय आणि गार झाल्यावर ठीक, तर ऑइलमध्ये पाणी मुरलंय आणि ते उकळतंय. आणि एकसारखा दाब धरून ठेवल्यावर हळूहळू बुडतंय, बाहेर गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतले सील गेले, ऑइल आतल्या आतच मागे पळतंय. माझी केस ही शेवटची.

(इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग पाय दाबून धरून गाडी सुरू करा, पॅडल थोडं खाली जातं. तो बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) चालू असल्याचा पुरावा आहे, बिघाड नाही. बरेच जण यालाच घाबरतात.)

खात्री करायला काकांनी चाकांकडे जाणारे रबरी होस (नळ्या) गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबून बंद केले, साध्या पकडीने नाही, त्याने होस आतून फाटतो. तरीही पॅडल बुडालं, म्हणजे दोष चाकांकडे नाही, वरच. क्लॅम्प काढून मला ब्रेक दाबायला लावला तर पुढचा एक होस डोळ्यांना दिसेल एवढा फुगत होता, म्हणून होसही बदलले. मास्टर सिलिंडर उघडून दाखवला तर बोअरला (आतल्या पोकळ नळीला) नख अडकेल असे चरे. नुसतं रबर किट टाकून स्वस्तात होईल का विचारलं तर म्हणाले, असल्या बोअरमध्ये नवीन सील किती टिकणार? पूर्ण असेंब्लीच टाकली, आणि हा खर्च मला आजही पटतो. एअर काढताना जुन्या गाडीचं पॅडल जमिनीपर्यंत दाबलं की पिस्टन बोअरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागात जातो आणि सील खरवडतात, त्यामुळे आधीच्या उपचारांनी आजार वाढलाही असेल. काकांनी पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवून काम केलं.

ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. आता डॉट 4 ग्रेडचं ब्रेक ऑइल आहे, म्हणजे कोरडं असताना उकळायला किमान 230 अंश आणि पाणी मुरल्यावर 155, डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140. आपल्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कमी चालली तरी. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, नुसता मोठा आकडा बघून यात ओतू नका. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

एक त्रास झाला तो लिहितो. काम झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पुढची दोन्ही चाकं तापायला लागली, गाडी ओढल्यासारखी. नवीन सिलिंडर बसवताना पुशरॉडला (पायाचा दाब सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत नेणारी दांडी) मोकळीक राहिली नव्हती, त्यामुळे पाय काढला तरी दाब पूर्ण सुटत नव्हता. काकांनी पुन्हा खोलून सेट केलं, लेबर घेतलं नाही. तुम्ही काम केलंत तर थोडं चालवून चाकाजवळ हात नेऊन बघा, डिस्कला लावू नका.

ज्यांची गाडी एबीएसवाली आहे त्यांनी हे घरी करायच्या भानगडीत पडू नये, एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा भाग) एअर अडकली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. माझं आता मागच्या उजव्या चाकाचं निपल (एअर काढायचा स्क्रू) तेवढं राहिलंय, गंजलंय, जोर लावला तर तुटेल म्हणून काकांनी कसंबसं सोडवून परत बसवलं. पुढच्या ऑइलच्या वेळी व्हील सिलिंडरसकट बदलणार, पार्ट आणून ठेवलाय.