तांबं, पितळ की टायटॅनियम: घरच्या भट्टीत काय घालावं?

ट्रकच्या कमानपाट्याचे चार कोयते जमले की माणसाची नजर भंगाराकडे वळते. यावल तालुक्यातल्या माझ्या पुतण्याचं सध्या तेच चाललंय. घरामागे पत्र्याची शेड, दगडी कोळशाची भट्टी, ब्लोअर, रुळाच्या तुकड्याची ऐरण. तांबं, पितळ आणि टायटॅनियम यांतलं काय झेपेल, हा त्याचा प्रश्न. माझं म्हणणं, झेपण्याआधी धूर कशाचा निघेल ते बघ.

तांबं सगळ्यात सोपं, फक्त लोखंडाची सवय मोडावी लागते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं. थंड ठोकत गेलात की कडक होऊन तडकतं, मग पुन्हा ताव द्यायचा. ते १,०८५ अंशांना वितळतं आणि त्याची मंद लाली आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात दिसतच नाही. काम पहाटे नाहीतर दिवेलागणीला करावं.

पितळेत तांब्यासोबत जस्त असतं आणि खरी गोम तिथेच आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं. पितळ घडवायला इतकी उष्णता लागत नाही, पण ब्लोअर लावलेल्या कोळशात ती सहज गाठली जाते. मग पांढरा धूर निघतो. तेव्हा फारसं काही वाटत नाही. काही तासांनी तोंडात धातूची चव, कोरडा घसा, हुडहुडी, ताप, अंग ठणकणं. मे महिन्यात घरचे म्हणतात ऊन लागलं, पावसाळ्यात म्हणतात मलेरिया. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. दूध प्या, गूळ खा, असं वेल्डिंगवाले सांगतात. त्याने छातीत गेलेला धूर बाहेर येत नाही. नळाच्या जुन्या तोट्यांच्या पितळेत बऱ्याचदा शिसंही असतं, आणि ते अंगात साचतं. पितळच हवं असेल तर नवा पत्रा आणा, हलका ताव द्या आणि तांबटासारखं थंड ठोका.

टायटॅनियमचं उलटं आहे. धातू विषारी नाही, हाडांच्या शस्त्रक्रियेत तो शरीरात बसवतात. भट्टीत वितळायची भीती नाही, वितळायला १,६६८ अंश लागतात. नेहमीचा मिश्रधातू साधारण ९००-९५० अंशांना घडवतात, पण घणाखाली तो पोलादापेक्षा हट्टी, आणि जरा निवला की चिरतो. तापताना हवेतला ऑक्सिजन शोषून वर कडक, ठिसूळ थर धरतो. तो घासून काढावाच लागतो आणि धोका नेमका त्या घासण्यात आहे. बारीक कीस पेट घेतो, त्यावर पाणी ओतलं तर आग भडकते. कोरड्या वाळूची बादली हाताशी हवी, आणि ग्राइंडरखालचा लोखंडाचा बुकणा आधी झाडलेला हवा. एवढं करून कोयत्याला पोलादासारखी धार येत नाहीच. कडं, चमचा करायला ठीक.

राहिले भंगारातले जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, आणि मुलामा दिलेले बोल्ट. फुकट मिळाले तरी नकोत. पिवळसर झाक जस्ताच्या मुलाम्यालाही असते आणि कॅडमियमच्याही, डोळ्यांना फरक कळत नाही. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे लोखंड घडवण्याइतकं तापायच्या आधी. त्याचा धूर काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतो, माणसं दगावली आहेत.

आणि झळा लागतात म्हणून शेडचं दार लावून घेऊ नका. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवेल, धातूचा धूर नाही.

पुतण्याला मी वर्षभर तांबंच ठोकायला सांगितलंय. टायटॅनियम घ्यायचंच तर प्रत माहीत असलेली एखादी सळई विकत घे, म्हटलं. पिवळसर बोल्टांचा डबा त्याने परत नेला. भंगारवाल्याने घेतला, पण वजनात काटा मारला.