नेटवर्क शेअरचे पासवर्ड जीनोमच्या लॉगिन कीरिंगमध्ये: सहा महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपमध्ये पासवर्ड कुलूपबंद साठवणारी ‘लॉगिन कीरिंग’ असते; तिच्यात नेटवर्क शेअरचे, म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरचे, पासवर्ड ठेवता येतात. नीट बसवली की ही सोय उत्तम चालते. सकाळी लॉगिन केलं की कीरिंग आपोआप उघडते आणि फाइल्स ॲपमधून सांबाचा (विंडोजशी जुळणाऱ्या फाइल-सर्व्हरचा) शेअर पासवर्ड न विचारता जोडला जातो. त्यासाठी पहिल्यांदा शेअर जोडताना ‘कायम लक्षात ठेवा’ हा पर्याय निवडावा लागतो. ‘लॉगआउटपर्यंत’ निवडलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

कीरिंग उघडण्याचं काम पॅम (लॉगिन तपासणारी लिनक्सची यंत्रणा) करतं. उबुंटू किंवा डेबियनवर हलका डेस्कटॉप असेल तर जीनोम कीरिंगचं पॅम मॉड्यूल वेगळं टाकावं लागू शकतं. लॉगिन स्क्रीनच्या पॅम फाइलमध्ये त्याच्या दोन ओळी लागतात: एक ‘ऑथ’ची (auth, ओळख तपासण्याची), पासवर्ड तपासणाऱ्या ओळीनंतर, आणि एक ‘सेशन’ची (session, लॉगिननंतरच्या सत्राची), शेवटी ‘ऑटो_स्टार्ट’ (auto_start) लिहून. ऑथची ओळ नसेल तर मॉड्यूलला पासवर्डच मिळत नाही आणि कीरिंग बंदच राहते. ऑटो-लॉगिन आणि बोटाच्या ठशाने केलेलं लॉगिन इथेच अडतं, कारण त्यात पासवर्ड टाइपच होत नाही. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला की प्रश्न थांबतो खरा, पण मग सगळे पासवर्ड डिस्कवर साध्या मजकुरात पडून राहतात. हे करूच नये.

सर्वांत जास्त गोंधळ पासवर्ड बदलल्यावर होतो. ॲडमिनने रूटवरून (सर्वाधिकार असलेल्या खात्यावरून) तुमचा पासवर्ड बदलला, तर कीरिंग जुन्यावरच राहते, कारण जुना पासवर्ड मॉड्यूलला कळलेलाच नसतो. सीहॉर्स (कीरिंगमधल्या नोंदी दाखवणारं ॲप) उघडा, ‘लॉगिन’वर राइट-क्लिक करा आणि तिथे जुना देऊन नवा टाका. जुना विसरला असाल, तर लॉगिन कीरिंगची फाइल बाजूला हलवून पुन्हा लॉगिन करा. नवी तयार होते, साठवलेलं मात्र जातं.

आणखी एक गोष्ट. सर्व्हर एकदा नावाने आणि एकदा आयपी पत्त्याने जोडला, तर दोन वेगळ्या नोंदी होतात. सर्व्हरवरचा पासवर्ड बदलला की एकच सुधारली जाते आणि दुसरी जुनीच राहते. कायम नावच वापरा.

एफएसटॅबमधून (सिस्टिमने जोडायच्या डिस्क आणि शेअरच्या यादीच्या फाइलमधून) होणारं सीआयएफएस माउंट, म्हणजे सांबा शेअरची थेट सिस्टिमकडून होणारी जोडणी, मात्र ही कीरिंग पाहतच नाही. त्याला वेगळी क्रेडेन्शियल फाइल (नाव-पासवर्ड लिहिलेली) लागते, मालकी रूटची आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी.