बार्शी लाइट टेबलावर मांडायची, तर स्केल कुठलं घ्यावं?

लाइट रेल्वेचं छोटं मॉडेल करायचं मनात असेल, तर दुकानात काय मिळतं ते बघायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: गाडी कुठली आणि जागा किती. माझी गाडी ठरलेलीच होती. पूर्वी कुर्डुवाडीहून बार्शी, पंढरपूर, लातूरकडे जायची ती बार्शी लाइट. जागा म्हणजे भिंतीलगत १२० बाय ६० सेंटिमीटरची प्लायवुडची फळी. पुढचं सगळं या दोन गोष्टी धरूनच लिहिलंय. माथेरानची गाडी करणाऱ्यांचं उत्तर थोडं वेगळं येतं, तेही सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. बाजारात सहज मिळणारे रूळ दोन: ९ मिलिमीटर आणि १६.५ मिलिमीटर. नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्या, करणारे लोक हेच रूळ घेतात आणि त्यावर मोठ्या स्केलचे डबे चढवतात. म्हणून आपल्यासमोर चार पर्याय उभे राहतात. ९ मिलिमीटरवर १:८७ म्हणजे एचओई आणि १:७६ म्हणजे ओओ-९, १६.५ मिलिमीटरवर १:४८ म्हणजे ओएन-३० आणि १:४३.५ म्हणजे ओ-१६.५.

बार्शी लाइटचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं, तेव्हा ९ चा रूळ जवळजवळ नेमका बसतो. १:४८ मध्ये सोळाला जरासं कमी, तिथे साडेसोळाही चालून जातं. १:७६ मध्ये बरोबर १० मिलिमीटर हवेत आणि हातात असतात ९. माथेरानचं गेज दोन फुटांचं. त्याला १:७६ मध्ये ८ मिलिमीटर हवेत, तेव्हा तोच ९ चा रूळ तिथे एक मिलिमीटर रुंद पडतो. एचओईत माथेरानला ७ मिलिमीटर लागतात, ९ वर ती गाडी फेंगडी दिसते. ओओ-९ असं दोघांच्या मधोमध उभं आहे, दोघांनाही जवळ आणि दोघांपासूनही एकेक मिलिमीटर दूर.

एवढ्या फरकाने काय होतं, असं वाटेल. पण बार्शी लाइटचं रूप या प्रमाणातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही लाइन आखली आणि १८९७ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशोब होता. त्यामुळे हलके रूळ पुरले. मालाच्या वाघिणी २५ फूट लांब, ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या सांगाड्यावर उभ्या केल्या. अडीच फुटी रुळावर सात फुटी डबा! रुळाच्या पावणेतीन पट रुंदी. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं ते अंग गेलं, की बार्शी लाइट कुठल्याही कारखान्याच्या ट्रॉलीसारखी दिसते. एचओई आणि ओएन-३० हे प्रमाण राखतात. ओओ-९ मध्ये डबा रुळाच्या तिपटीच्या वर जातो आणि गाडी डोक्याकडे जड वाटते.

जागेचा हिशोब

इथेच माझा पहिला बेत फसला. ओएन-३० मध्ये माणसं, दारं, ब्रेकचे दांडे सगळं हाताला लागण्याइतकं मोठं असतं, म्हणून मी ते निवडलं आणि रूळ ठोकूनही टाकले. लूप लाइनमध्ये, म्हणजे बाजूच्या समांतर रुळावर, इंजिन आणि दोन वाघिणी मावल्या. तिसरी सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो तिथे, आली. सगळं उखडावं लागलं.

त्यानंतर मी केलं ते आधी करायला हवं होतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेतला आणि एकाच वाघिणीच्या चार मापांच्या पट्ट्या कापल्या. एचओईची ८८ बाय २५ मिलिमीटर, ओओ-९ ची १०० बाय २८, ओएन-३० ची १५९ बाय ४४, ओ-१६.५ ची १७५ बाय ४९. चार-चार पट्ट्या ओळीने फळीवर ठेवल्या. एचओईची ओळ ३५ सेंटिमीटर, ओ-१६.५ ची ७०. यात इंजिन नाही, कपलिंगची फट नाही, दोन्ही टोकांचे सांधे नाहीत. १२० सेंटिमीटरच्या फळीवर सत्तर सेंटिमीटरची ओळ कशी दिसते, ते एकदा डोळ्यांनी बघाच.

वळणाचा हिशोब तर त्याहून साधा. ९ मिलिमीटरच्या तयार वळणाची त्रिज्या २२८ मिलिमीटर असते, म्हणजे पूर्ण गोल ४६ सेंटिमीटरमध्ये बसतो आणि ६० च्या फळीवर दोन्हीकडे सात-सात सेंटिमीटर उरतात. १६.५ च्या तयार रुळांत नेहमीच्या आवळ वळणाची त्रिज्याच ३७१. गोल ७४ सेंटिमीटरचा. तो फळीबाहेर जातो. मोठं स्केल घेऊन गाडी गोल फिरवायची असेल, तर फळीची रुंदी वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तरीही मोठं स्केल कुणी घ्यावं? ज्याला गाडी फिरवण्यापेक्षा शंटिंग आवडतं त्याने. एक फलाट, मालधक्का, दोन सायडिंग, तीन वाघिणी आणि त्या अदलाबदल करायचा खेळ. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांना आणि लहान मुलांच्या हाती गाडी देणाऱ्यांनाही ओएन-३० च सुखाचं.

मिळतं काय, बनवावं काय लागतं

बार्शी लाइटचं तयार मॉडेल मिळेल अशी आशा धरू नका. एचओईत तयार मिळतात त्या मुख्यतः ऑस्ट्रियाच्या ७६० मिलिमीटर गेजच्या गाड्या, लिलिपुट आणि रोको या कंपन्यांच्या. दोन मिलिमीटरचा फरक सोडला तर गेज आपलंच, त्यामुळे बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) आणि खालचा सांगाडा कामाला येतो. वरचं अंग प्लॅस्टिकच्या पत्र्यातून किंवा थ्रीडी प्रिंटमधून करायचं. ओओ-९ चा पसारा ब्रिटनमध्ये मोठा आहे. पेकोचे रूळ आणि सांधे, बाकमनची इंजिनं; निवड भरपूर, पण तोंडवळा इंग्लंड-वेल्सचा. ओएन-३० मध्ये बाकमनची इंजिनं दणकट आहेत, मात्र ती अमेरिकेतल्या जंगल-खाणींच्या लाइनची.

९ मिलिमीटरची एक खोड मात्र आहे. चार चाकांचं हलकं इंजिन रुळावरच्या धुळीने किंवा सांध्याच्या मध्यावर थबकतं. बार्शी लाइट करणाऱ्याला इथे सोय आहे, कारण तिच्या जुन्या ए वर्गाच्या किट्सन इंजिनांना दांड्याने एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती आणि नंतर २-८-२ मांडणीचीही (पुढे दोन, मध्ये जोडलेली आठ, मागे दोन चाकं) इंजिनं आली. एन गेजची (तिचाही रूळ ९ मिलिमीटरचाच) २-८-२ चेसिस घेऊन त्यावर इंजिनाचं अंग उभं केलं, की जास्त चाकांतून वीज येते आणि चाल सुधारते. प्लायवुडला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही वॉर्निश द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी फुगते आणि रुळांचे जोड वर येतात.

माथेरानवाल्यांसाठी चढाची गोष्ट. खऱ्या लाइनवर २० फुटांत एक फूट चढ आहे. मॉडेलमध्ये तो तसाच ठेवला तर मीटरभर रुळात पाच सेंटिमीटर चढाई होते. छोटं इंजिन दोन डबे जेमतेम ओढतं, आणि तेही वळणावर घसरतं. चढ निम्मा करा आणि डोंगर मागे उंच उभारा, डोळ्याला तेवढं पुरतं. स्केल ओओ-९ घ्या.

माझी फळी आता एचओईत आहे. त्यामागे गेजशिवाय आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कुर्डुवाडी. तिथे ब्रॉडगेजचा माल बार्शी लाइटमध्ये चढवला जायचा. १:८७ घेतलं की मागच्या बाजूला एचओचा, म्हणजे याच स्केलच्या मोठ्या लाइनचा, एक रूळ टाकून त्यावर ब्रॉडगेजची मालगाडी उभी करता येते, आणि एचओतली माणसं, बैलगाड्या, झाडं दोन्हींना चालतात. एक गोष्ट मात्र खटकते. आपलं ब्रॉडगेज १:८७ मध्ये एकोणीस मिलिमीटरच्या वर जातं, आणि एचओचा रूळ साडेसोळाचा. म्हणजे त्या फळीवर मोठी लाइन चुकीची आणि छोटी लाइन बरोबर. मी मोठ्या लाइनवर एकच वाघीण, अर्धी मालधक्क्याच्या शेडमागे ठेवली आहे.

पहिला सांधा ठोकायच्या आधी ती कागदाची पट्टी वळणावरून बोटाने सरकवत न्या, आणि तिचा कोपरा फलाटाच्या कडेला घासतो का ते बघा.