खोटं खोडायचं की ओळख करून द्यायची?

भाचीच्या कॉलेजातल्या सहा-सात पोरांना ज्यूद्वेषी भाषेविरुद्ध सोशल मीडियावर मोहीम काढायची आहे. तीही अमळनेरातून. ऐकून आधी हसूच आलं, कारण आमच्याकडे कुणाला विचाराल तर ज्यू माणूस पाहिलेला नसतो. मग घरच्या ग्रुपवरचे जुने फॉरवर्ड चाळले आणि हसू गेलं. माणूस पाहिलेला नाही, पण त्याच्याविषयीचं मत तयार!

पोरांपुढे दोन वाटा आहेत. फिरणारं खोटं उचलून खोडून काढायचं, किंवा खोट्याच्या वाटेलाच न जाता महाराष्ट्रातल्या ज्यूंची ओळख करून द्यायची.

खोडायला मालमसाला भरपूर आहे. ज्यूंच्या जगावर राज्य करायच्या तथाकथित गुप्त कटाचं ‘प्रोटोकॉल्स’ नावाचं जे बाड आजही तुकड्या-तुकड्यांनी फिरतं, ते 1903 मध्ये एका रशियन वर्तमानपत्रात छापून आलं. 1921 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते बनावट असल्याचं पुराव्यानिशी दाखवलं. 1864 च्या एका फ्रेंच पुस्तकातला मजकूर त्यात उचललेला होता, आणि ते पुस्तक होतं तिसऱ्या नेपोलियनवरची टीका. ज्याच्या मनात आधीच शंका आहे, त्याला एवढं पुरतं. उद्या चहाच्या टपरीवर तोच दुसऱ्याला सांगेल. पण पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरात खोटं वाक्य आणि वर लाल फुली, असं केलंत तर घात झालाच समजा. लोक मोठं अक्षर वाचतात आणि पुढे सरकतात. कुणीतरी फुली कापून तेच चित्र फिरवतो. म्हणून खरं वाक्य आधी, मोठं. खोट्याचा उल्लेख मधे, बारीक. आणि शेवटी पुन्हा खरं.

दुसरी अडचण कॉमेंटची. रात्री अकराला कुणीतरी विचारणारच, “मग गाझाचं काय?” जळगाव, भुसावळ, धुळ्यात असं विचारणाऱ्याला बऱ्याचदा मनापासून दुःख झालेलं असतं, त्याला ट्रोल म्हणून झटकू नका. इतर कुठल्याही देशावर करतो तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे, हे 2016 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच लिहिलंय. मात्र सरकारच्या करणीचा राग पुण्यातल्या एखाद्या ज्यू आजीवर काढला की द्वेष सुरू झाला. हे न चिडता वीस वेळा सांगणारं कुणी जवळ असेल तरच या वाटेला जा.

ओळख करून देणं त्यामानाने सोपं, आणि गोडही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपलं जहाज फुटलं, अशी बेने इस्रायली मंडळींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, परंपरागत कथा. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावावरून, बोली मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. जुन्या हिंदी सिनेमातले नट डेव्हिड हे त्यांच्यातलेच, मूळचे चेऊलकर. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1867 चं. 2016 मध्ये राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. असल्या पोस्टवर कुणी भांडत नाही, आणि आई-मावशाही शेवटपर्यंत पाहतात.

पण रावेर-यावलकडे इस्रायल म्हटलं की केळीच्या बागेतलं ठिबक आठवतं, आणि लगेच “ज्यू लोक डोक्यानं लई हुशार!” मोहिमेनं यावर टाळ्या घेऊ नयेत. हुशारचं चलाख आणि चलाखचं धूर्त व्हायला वेळ लागत नाही. चिक्कू माणसाला ‘मारवाडी’ म्हणताना आपण हेच करतो. शिवाय ‘आपले ज्यू चांगले’ एवढ्यावर गोष्ट थांबली, तर बाहेरच्यांविषयीचं खोटं जागच्या जागी राहतं.

माध्यमाचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲपवर एकदा गेलेलं चित्र हाताबाहेर जातं, कोण काय म्हणालं तेही कळत नाही. तिथे फक्त ओळखीच्या गोष्टी टाका. खोडाखोडी इन्स्टाग्रामवर ठेवा: मजकूर दुरुस्त करता येतो, घाण कॉमेंट झाकता येते, आणि ज्यूंचा नरसंहार झालाच नाही म्हणणाऱ्या पोस्टवर फेसबुक-इन्स्टाग्रामनं ऑक्टोबर 2020 पासून बंदी घातलेली असल्यानं तक्रारीला आधार आहे.

आता दोन्ही आराखड्यांत नसलेली गोष्ट. आमच्या बोलण्यात ज्यू क्वचितच येतो, हिटलर रोज येतो. “मास्तर हिटलर शे.” “आते ते हिटलरच जोयजे,” म्हणजे आता हिटलरच पाहिजे. 2006 मध्ये खारघरला एका हॉटेलचं नावच हिटलरवरून ठेवलं होतं, ज्यू मंडळींनी आक्षेप घेतल्यावर ते बदललं. हे बोलणाऱ्यांच्या मनात ज्यूंविषयी काही नसतं, साठ लाख माणसं मारली गेली हेही नसतं. खान्देशात सुरुवात करायची तर इथूनच. अहिराणीत, चाळीस सेकंदांचं रील, ओरडा न करता.

भाचीला म्हटलं, पोरं सात, परीक्षा तोंडावर. ओळखीच्या चार गोष्टी आणि हे रील, एवढंच करा. कॉमेंटला बसणारे दोघं मिळाले की मग खोडायला घ्या. तिला पटलं. रीलचं लिहून घ्यायला तिनं फोन काढला, तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘हिटलर’. फोन आमच्या मेहुण्यांचा होता.