टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम : तीन तऱ्हा आणि एक निवड

टीव्हीला थेट जोडून खेळायचे जुन्या धाटणीचे व्हिडिओ गेम बेळगावात घ्यायचे म्हटले, तर तीन तऱ्हा समोर येतात : कॅसेट घालायचा स्वस्त संच, पेनड्राइव्हसारखी एचडीएमआय गेम स्टिक, आणि मूळ कंपन्यांनीच काढलेले छोटे ‘मिनी’ संच, जे बहुधा आयात केलेलेच मिळतात. बहुतेक जण खोक्यावरचा खेळांचा आकडा पाहून ठरवतात. माझ्या मते आधी घरातला टीव्ही पाहावा.

खानापूर तालुक्यात आमच्या मावशीकडे अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. त्याला कॅसेटचा संच पिवळ्या-पांढऱ्या पिना लावताच चालू होतो, कारण तो मुळात अशाच टीव्हीसाठी घडवलेल्या, 1983 साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या 8-बिट यंत्राची स्वस्त नक्कल आहे. सोबतची बंदूकही तिथेच चालते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, नेमाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश टिपतो. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटत असल्याने हा हिशेब चुकतो आणि मूल बिचारे नेम धरूनही हरत राहते. बंदुकीच्या हौसेने हा संच एलईडीसाठी घेऊ नये. कॅसेटवरच्या ‘लाखो’ खेळांचे म्हणाल, तर आम्ही यादी उलगडून पाहिली तेव्हा तीस-चाळीस खेळांनंतर तोच मारिओ वेगळ्या नावाने, फक्त पुढच्या टप्प्यापासून सुरू होत होता. शिवाय पावसाळ्यात करंट गेला की खेळ पुन्हा पहिल्यापासून.

एलईडी टीव्ही असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर गेम स्टिक सोयीची. तिच्या कार्डावर अनेक यंत्रांचे खेळ असतात, दोन बिनतारी रिमोट येतात, आणि गणपतीला जमलेल्या चुलत-मावस भावंडांना ती पुरते. मात्र त्यातले बहुतेक खेळ परवान्याविना भरलेले असतात, हे ठाऊक असू द्यावे. तिला टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी वीज मिळाली नाही, तर ती मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते. आमच्याकडे जुना मोबाइल चार्जर लावल्यावर हा त्रास थांबला. पडदाभर ताणलेले चित्र मात्र मला खटकते : जुने खेळ चारास-तीन आकाराच्या पडद्यासाठी केलेले असल्याने मारिओ बुटका आणि जाड दिसतो.

मिनी संचांत खेळ मोजकेच, पण परवान्याचे आणि नीट बसवलेले असतात. निन्टेंडोच्या 2016 च्या एनईएस क्लासिकमध्ये (वर सांगितलेल्या 8-बिट यंत्राची छोटी आवृत्ती) 30, 2017 च्या एसएनईएस क्लासिकमध्ये (त्यापुढच्या यंत्राची छोटी आवृत्ती) 21, तर सेगा या दुसऱ्या गेम कंपनीच्या 2019 च्या मेगा ड्राइव्ह मिनीमध्ये 42 खेळ आहेत. एसएनईएस क्लासिकमध्ये त्याआधी कधीच बाजारात न आलेला ‘स्टार फॉक्स 2’ देखील मिळतो. दोन्ही निन्टेंडो संचांत खेळ अर्ध्यावर थांबवून जपून ठेवता येतो. एनईएस क्लासिकची रिमोटची तार मात्र इतकी आखूड आहे की टीव्हीसमोर जमिनीवरच बसावे लागते. सोनीचा 2018 चा प्लेस्टेशन क्लासिक मी कोणालाही सुचवणार नाही. त्याच्या 20 खेळांपैकी काही खेळांच्या 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 ऐवजी 50 वेळा चित्र बदलणाऱ्या युरोपीय आवृत्त्या घेतल्याने ते संथ वाटतात.

स्वतःचे लहानपण आठवून घेत असाल आणि पैसे खर्चायची तयारी असेल, तर एसएनईएस क्लासिक. लहान मुलांसाठी स्टिक. आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून चालू असेल, तरच कॅसेटचा संच. स्टिक घेताना दुकानदाराला ती एलईडी टीव्हीला जोडायला सांगावी, टीव्हीचा ‘गेम मोड’ (चित्र उमटायचा उशीर कमी करणारी सोय) चालू करावा आणि उडीचे बटण दाबून मारिओ तत्क्षणी उडतो का ते पाहावे. बटण दाबल्यावर तो क्षणभर रेंगाळला, तर दुसरी स्टिक मागावी.